वरची खोली

ताई, सप्रेम नमस्कार.

मी २४ वर्षांची आहे. बी.कॉम. झाले, बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. पगार १९ हजार. घर दांडिया बाजारात, पणजोबांच्या वेळचा वाडा, त्यातला आमचा हिस्सा. आतली खोली दादा-वहिनीची, म्हणून मी आणि आजी माजघरात झोपतो. आजीचं घोरणं सुरू झालं की मी इअरफोन लावून फिरायला निघते. लिस्बनची २८ नंबरची ट्राम, क्योटोतल्या गल्ल्या, सोलमधली रात्रभर उघडी दुकानं. कोरियन लिपी मी मोबाइलवरच शिकले. पोर्तुगीजचे दहा धडे झालेत, जपानीचे तीन. सकाळी सातला कंपनीच्या बसमध्ये बसलं की वाटतं, मी चुकीच्या गावात जन्मले.

अलकापुरीतल्या एका एजंटकडे जाऊन आले. तो म्हणतो, कॅनडात हॉस्पिटॅलिटीचा दोन वर्षांचा डिप्लोमा, मग वर्क परमिट, मग पीआर पक्का, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी. सगळे मिळून २२ लाख. वाड्यातला हिस्सा गहाण टाकावा लागेल. बाबा म्हणतात, त्यापेक्षा टेक्सासचं स्थळ आलंय ते बघ, फुकटात जाशील. आजी म्हणते, आपण एकदा सातारा सोडून बडोद्याला आलो तेवढं पुरे.

मी काय करू? आणि हे स्वप्न आहे की पळपुटेपणा?

जाता जाता एक. आमची वरची खोली जूनपासून रिकामी आहे. टांझानियाचा एक मुलगा, इंजिनिअरिंगला शिकणारा, भाड्यानं मागायला आला होता. बाबांनी 'दिली गेली' म्हणून सांगितलं. मी जिन्यात उभी होते. काही बोलले नाही. हे तुम्हाला का लिहिलं, माहीत नाही.

— माजघरातली प्रवासी

* * *

अगं प्रवासी,

'जाता जाता' म्हणून माणसं जे लिहितात, तेच लिहायला ती मुळात बसलेली असतात, एवढं या सदरानं मला शिकवलंय. म्हणून कॅनडा आणि टेक्सास थोडा वेळ बाहेर ओट्यावर बसू देत. आपण आधी जिन्यात जाऊ.

१९९४ ची गोष्ट. ह्यांना कंपनीनं दोन वर्षांसाठी जर्मनीत स्टुटगार्टला पाठवलं, मी तीन महिन्यांनी मागून गेले. जाण्याआधी इथे संध्याकाळच्या वर्गाला जाऊन जर्मनचा पाया केला होता, त्यामुळे घर शोधायचं काम माझ्या गळ्यात. शनिवारच्या पेपरात जाहिराती यायच्या. मी वाक्य कागदावर लिहून फोनपाशी बसायचे: नमस्कार, तुमच्या घराच्या जाहिरातीसंबंधी बोलायचं होतं. तिथपर्यंत सगळं गोड. मग नाव विचारायचे. आमचं आडनाव अक्षर अक्षर करून सांगावं लागे, आणि ते सांगून होईपर्यंत पलीकडचा आवाज बदललेला असे. 'शोन फेरगेबन.' डिक्शनरीत बघितलं. दिली गेली. पहिल्या शनिवारी सात फोन केले, त्यातली पाच घरं अशी 'दिली गेली'. ह्यांच्या ऑफिसातल्या एका जर्मन सहकाऱ्याला शंका आली. त्यानं त्यातल्याच दोन नंबरांवर आपल्या नावानं फोन लावला. दोन्ही घरं रिकामी होती. या म्हणाले बघायला, आजच या.

मी रडलेबिडले नाही. गॅसवर बटाटे उकडत होते, त्यातलं पाणी आटून पातेलं जळलं, एवढंच.

तुझ्या बाबांनी त्या मुलाला जे सांगितलं ते शब्दाला शब्द तेच, म्हणून ही कथा. बाबांना झोडपायला नव्हे. त्यांच्या मनात काय आलं असेल ते मला न सांगता कळतं, कारण माझ्या माहेरी रावपुऱ्यात तेच आलं असतं. शेजारी काय म्हणतील, घरात लग्नाची मुलगी, हा काय शिजवेल, किती मित्र गोळा करेल. यातलं शेवटचं दोन्ही त्या मुलाला तोंडावर विचारता आलं असतं. विचारलं नाही. स्टुटगार्टच्या त्या बायकांनीही मला विचारलं नव्हतं की बाई, तुझ्या फोडणीचा वास किती वेळ राहतो? मी खरं सांगितलं असतं. बराच वेळ.

बडोद्याला या बाबतीत जरा जास्तच ओशाळायला हवं. १९१३ साली याच संस्थानानं एका तरुणाला महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात धाडलं. करार असा की परत आल्यावर १० वर्षं संस्थानची नोकरी करायची. १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर तो करार पाळायला बडोद्यात आले आणि अकाउंटंट जनरलच्या कचेरीत लागले, म्हणजे खातं तुझंच. पण गावात राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ओळख लपवून राहिले, तर अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन आले. ओळखीच्या दोघांना विचारलं, दोघांनी काही ना काही सांगून टाळलं. रात्रीच्या मुंबईच्या गाडीला अवकाश होता, तोवर ते कमाटी बागेत बसून राहिले. त्या बसण्याची आठवण म्हणून आज आपल्याकडे संकल्प भूमी आहे.

तेव्हा 'परदेशी जायची इच्छा म्हणजे पळपुटेपणा का' हे मला विचारू नकोस. ज्याला आपल्याच गावात खोली मिळत नाही त्याला न्यूयॉर्कमध्ये मोकळा श्वास घेता आला, यात पळणं कुठे आहे? माणसं पोट भरायला जातात, शिकायला जातात, जातीपासून, सासूपासून, नुसत्या कंटाळ्यापासूनही जातात. सगळी कारणं चालतात. फक्त आपलं कुठलं, हे आपल्याला ठाऊक असावं.

तुझं कारण काय, ते तू लिहिलंस आणि तुलाच दिसलं नाही. पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात आजी घोरतेय.

तुझ्या पत्रात दोन इच्छा एकाच पिशवीत कोंबल्या आहेत. एक आहे जग बघायची, ती खरी आहे, तिच्याकडे येते. दुसरी आहे आतून कडी लावता येईल अशा दाराची. २४ वर्षांची कमावती मुलगी माजघरात आजीशेजारी झोपते आणि दादाला लग्न झालं म्हणून खोली मिळते. त्या मुलीला लिस्बनच काय, इथलं जवळचं करजणसुद्धा स्वप्नवत वाटेल. या दुसऱ्या इच्छेला २२ लाख लागत नाहीत. डोक्यावर एक खोली जूनपासून रिकामी आहे ना?

ती माग. फुकट नको, भाड्यानं. बाबा भाडेकरूला सांगणार होते त्यातलं जमेल तेवढं महिन्याच्या एक तारखेला त्यांच्या हातात ठेव, आणि वर राहा. सहा महिने. चहापासून चादरी धुण्यापर्यंत सगळं तुझं तू. आईकडून डबा वर येणार नाही, हे आधी ठरवून घे (येईल, पण ठरवून तर घे). रात्री एकटीला ताप आला की कसं वाटतं ते तिथे कळेल. रविवारी दुपारी कुणाशी बोलायला नसतं तेव्हा काय होतं, तेही कळेल. आणि सहा महिन्यांनी, कडी लावून निवांत झोपून उठल्यावरही जर सोल डोक्यातून जात नसेल, तर इच्छा पक्की समज.

आता इथे मी माझ्याच बोलण्यात अडकले, हे कळतंय मला. एकीकडे म्हणते त्या मुलाला खोली नाकारली हे वाईट झालं, दुसरीकडे तीच खोली तुला घ्यायला सांगते. त्याला एव्हाना वाघोडिया रोडला कुठे तरी जागा मिळाली असेल, अशी माझी समजूत मी घालून घेते. पण पुढचा कुणी आला, आणि यंदा नाही तर पुढच्या जूनमध्ये येईलच, तर खाली उतर आणि बोल. बाबांशी वाद नको घालूस. त्या मुलाला पाणी विचार, कुठून आलास, काय शिकतोस, कुणाकडे उतरलायस. बाबा ऐकत असतील. माणसाला नाव-गाव मिळालं की 'दिली गेली' म्हणताना जीभ जरा अडखळते.

बरं, आता जग.

मोबाइलवर दिसणाऱ्या परदेशात मंगळवार नसतो. तिथे सगळ्या सकाळी सोनेरी असतात आणि कुणी रांगेत उभं नसतं. स्टुटगार्टमध्ये शेवटी घर मिळालं, तिसऱ्या मजल्यावर, आणि दुसऱ्याच आठवड्यात दाराच्या मुठीला एक पाटी लटकलेली दिसली. त्यावर शब्द होता 'केरवोखं'. मला वाटलं, चला, मराठीच आहे की! आणि गंमत म्हणजे अर्थही जवळपास तोच निघाला. 'केर' म्हणजे झाडणं, 'वोखं' म्हणजे आठवडा. त्या भागातली जुनी रीत आहे ती. इमारतीचा जिना, समोरची फरशी, हिवाळ्यात बर्फ, हे सगळं बिऱ्हाडांनी पाळीपाळीनं साफ करायचं. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी. आपला आठवडा संपला की पाटी शेजारच्या दाराला अडकवायची. मी जिना झाडला, पाटी शेजारी लावून मोकळी झाले. तासाभरात तळमजल्यावरच्या आजी वर आल्या. ओरडल्या नाहीत. माझा हात धरून खाली नेलं, कोपऱ्यातून खराटा काढला आणि दारासमोरचा फुटपाथ माझ्यादेखत एक एक चौकोन करून झाडला. मग खराटा माझ्या हातात दिला. उरलेला अर्धा मी झाडला. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, इथे बाई ठेवलीय आणि तिकडे जाऊन लोकांचे जिने झाडतेस?

त्या देशाबद्दल मला जे काही कळलं त्यातलं निम्मं त्या जिन्यानं शिकवलं. रविवारी काचेच्या बाटल्या कुंडीत टाकायच्या नाहीत, कारण आवाज होतो. दुकानं रविवारी बंद, म्हणजे शनिवारी दूध विसरलात तर सोमवारपर्यंत काळा चहा. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो आणि तुमचा नवरा सहाला येतो, मधल्या दीड तासाचं काय करायचं ते कुणी सांगत नाही. आणि एकदा त्याच आजींनी मला प्लमचा केक आणून दिला आणि विचारलं, तुमच्याकडे जिना कोण झाडतं? मी उत्तर दिलं नाही. देता येईना. भाषेपायी नव्हे.

म्हणून माझं सांगणं, तीन-तीन देशांच्या चिमट्या घेणं बंद कर. एक देश निवड आणि त्याच्या मंगळवारात शिर. तुझ्या पत्रावरून मला वाटतं कोरिया, कारण लिपी तू हातानं गिरवलीस, बाकीचं नुसतं बघितलंस. ती लिपी राजा सेजोंगनं १४४६ मध्ये लोकांसाठी जाहीर केली, हे तुला माहीत असेलच. पण एक गंमत करून बघ. त्यांच्या 'क'चं चिन्ह जिभेचा मागचा भाग उचललेला दाखवतं, 'न'चं जिभेचं टोक वर लागलेलं, 'म'चं चिन्ह म्हणजे मिटलेलं तोंड. आता आपली बाराखडीआधीची मुळाक्षरं म्हण. क-वर्ग कंठात, त-वर्ग दातांशी, प-वर्ग ओठांत. दोघांनीही तोंडात डोकावून वर्णमाला रचली. इंग्रजीच्या एबीसीडीला असा काही क्रम नाही. हे तुला ट्रामच्या व्हिडिओत कुणी सांगणार नाही, आणि एकदा कळलं की ती लिपी परकी राहत नाही.

पोर्तुगीज सोडवत नसेल तर सोडू नकोस, पण ती तू आधीच बोलतेस. बटाटा, पाव, चावी, साबण, घमेलं, सगळे तिकडचे. ज्या पगारातून तू एजंटची फी भरणार आहेस तो 'पगार'सुद्धा पोर्तुगीजच.

आणि चुकीच्या गावात जन्मले म्हणतेस, त्याचं हसू आलं. घरात मराठी, दारात गुजराती, ऑफिसच्या ईमेलला इंग्रजी, नवरात्रात नऊ दिवस गरबा आणि दसऱ्याला आपट्याची पानं. दुसऱ्याच्या भाषेत भाजीवाल्याशी घासाघीस करणं ही कला तुला चार वर्षांची असल्यापासून येते. पुण्यातल्या तुझ्या आत्येबहिणीला ती तिथे जाऊन शिकावी लागेल. आजीचं 'एकदा सातारा सोडला तेवढं पुरे' हे वाक्य मला फार आवडलं, पण ते वाक्य तुझ्याच बाजूचं आहे हे तिला सांग. तुमच्यात कुणी तरी एकदा सोडलं होतंच की.

जग बघायची रीत शिकायची तर गावातच एक नमुना आहे. नाशिककडच्या कवळाणे गावातला बारा वर्षांचा गोपाळ, अक्षरओळख नसलेला, १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक आला. सयाजीराव झाला. पुढे १८८७ पासून युरोपच्या वाऱ्या सुरू झाल्या. आता राजे लोक फिरायचेच, त्यात नवल नाही. पण हा माणूस अमेरिकेतली ग्रंथालयं बघून आला आणि १९१० मध्ये तिथला बॉर्डन नावाचा ग्रंथपालच इथे घेऊन आला. त्यानंतर पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात लोखंडी मांडण्यांच्या मधून जाड काचेची जमीन आहे, खालच्या मजल्यापर्यंत उजेड पोचावा म्हणून. कधी गेलीस का? माझी खात्री आहे, नाही गेलीस. कमाटी बागेतल्या संग्रहालयातली ममी पाचवीच्या सहलीत बघितली असशील, रांगेत, बाईंचा हात धरून. एखाद्या रविवारी एकटी जा. शेजारच्या पिक्चर गॅलरीची इमारत १९१४ मध्ये तयार झाली, पण चित्रं महायुद्धामुळे युरोपातच अडकली, आणि ती उघडली थेट १९२१ मध्ये. त्या युरोपियन चित्रांपैकी एकासमोर वीस मिनिटं उभी राहा. मोबाइल पर्समध्ये. वीस मिनिटं फार वाटतात, हे सातव्या मिनिटाला कळेल.

आता ओट्यावर बसलेल्यांना आत बोलावू.

एजंटचं आधी. तू अकाउंट्सची मुलगी, मी काय सांगणार. २२ लाख ११ टक्क्यांनी घेऊन १० वर्षांत फेडायचे म्हटलं तर हप्ता महिना ३० हजारांच्या वर जातो. आज तुझा पगार १९. शिकताना तिथे कॉलेजबाहेर आठवड्याला २४ तासच काम करता येतं. त्यात तुझी खोली, खाणं, बसचा पास निघाला तरी पुष्कळ. मग हप्ता कोण भरणार? बाबा. म्हणजे तू तिकडे स्वतंत्र आणि बाबा इकडे गहाण.

पण खरी मेख पुढे आहे. कॅनडानं जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा आणली. १ नोव्हेंबर २०२४ पासून जे अर्ज करतात आणि पदवीऐवजी डिप्लोमा करतात, त्यांचा कोर्स ठरावीक क्षेत्रांच्या यादीत असला तरच शिक्षणानंतरचं वर्क परमिट मिळतं. आरोग्यसेवा, विज्ञान-तंत्रज्ञान, कुशल कारागिरी, शेती, वाहतूक अशी ती क्षेत्रं. यादीत वेळोवेळी बदल होतात. साध्या हॉस्पिटॅलिटीचा डिप्लोमा मला त्यात दिसला नाही. एजंटकडे जा आणि एवढंच म्हण: या कोर्सचा सहा आकडी कोड कागदावर लिहून द्या, मी कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः बघते. तो लिहून देतो का ते बघ. कॉलेजचं प्रवेशपत्रही थेट कॉलेजला ईमेल करून पडताळून घ्यायचं. २०२३ मध्ये खोट्या प्रवेशपत्रांमुळे भारतातली मुलं तिथे अडचणीत आली होती, आणि त्यातल्या अनेकांचं म्हणणं होतं की पत्र खोटं आहे हे आम्हालाच माहीत नव्हतं. 'पीआर पक्का' हे वाक्य तर कुठलाही प्रामाणिक माणूस बोलूच शकत नाही. पीआर ते सरकार देतं, अलकापुरी देत नाही.

आणि एजंटनं कधी 'तिकडून पुढे अमेरिकेत सोडायची सोय आहे' असं काही सुचवलं, तर खुर्चीतून उठ. जानेवारी २०२२ मध्ये डिंगुचा गावचं चौघांचं कुटुंब त्या सीमेवरच्या बर्फात गोठून गेलं. त्यातला मुलगा तीन वर्षांचा होता. गुजरातेत राहून ही बातमी कुणी विसरू नये.

टेक्सासबद्दल थोडक्यात. मुलगा आवडला तर लग्न कर, मग तो टेक्सासचा असो की तरसालीचा. पण नवरा आणि देश एकाच बिलात घेऊ नकोस. त्याचा व्हिसा एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा, असेल तर तुझा एच-फोर, म्हणजे बायकोचा, होईल, आणि एच-फोरवर नोकरी करता येत नाही. नवऱ्याचं ग्रीन कार्डचं प्रकरण एका ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलं असेल तरच कामाचा परवाना मागता येतो. म्हणजे माजघरातून निघून थेट दुसऱ्याच्या बैठकीत. मुलाला पहिल्याच फोनवर विचार, तुझा टप्पा कुठला? चिडला तर तेही कळलं.

मग राहिलं काय? बरंच राहिलं, आणि त्याला वाडा लागत नाही. ब्रिटनची एक योजना आहे, भारतीय तरुणांसाठी, वय १८ ते ३०, पदवी हवी. वर्षाला ३,००० जागा, सोडत निघते, सोडतीत नाव टाकायला पैसे नाहीत. नंबर लागला तर खात्यात २,५३० पौंड दाखवायचे, व्हिसाची आणि आरोग्य अधिभाराची रक्कम भरायची, आणि दोन वर्षं तिथे राहून नोकरी करायची. ऑस्ट्रेलियाचीही तशीच सोडत आहे, वर्षाला १,००० जागा, एक वर्ष फिरायचं आणि काम करायचं, नाव नोंदवायला २५ ऑस्ट्रेलियन डॉलर. दोन्हीकडून परत यावं लागतं. तुझ्यासारखीला हे वाईट नाही. बघून ये, मग ठरव. सोडत म्हणजे सोडत, लागली तर लागली. पण हाऊसिंग बोर्डाच्या घराला आपण नाव टाकतोच ना.

कोरिया सरकारची शिष्यवृत्ती आहे, जिला जीकेएस म्हणतात. पदव्युत्तर शिक्षणासाठी निवड झाली तर विमानाचं तिकीट, फी, राहण्याचा भत्ता, आणि आधी एक वर्ष भाषा शिकवतात, तीही त्यांच्या खर्चानं. ८० टक्क्यांच्या आसपास गुण लागतात, तुझे किती ते तू लिहिलं नाहीस. टोपिक ही त्यांची भाषेची परीक्षा आधी दिलेली असेल तर जमेची बाजू. रात्री ट्राम बघण्याऐवजी रोज पाऊण तास याला दे. वर्षभरात पहिल्या पातळीचा पेपर सुटेल, आणि नाही शिष्यवृत्ती मिळाली तरी भाषा कुणी परत मागत नाही.

जर्मनी मी मुद्दाम शेवटी ठेवला, माझा जीव त्यात अडकलाय म्हणून. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही (माझ्या स्टुटगार्टच्या राज्यात मात्र बाहेरच्यांना एका सत्राला १,५०० युरो लावतात, काय करणार). पण वर्षाचे ११,९०४ युरो बंद (ब्लॉक्ड) खात्यात आधी ठेवून दाखवावे लागतात, आणि २०२२ च्या नोव्हेंबरपासून भारतीय विद्यार्थ्यांना कागदपत्रं तपासल्याचं एपीएस प्रमाणपत्र लागतं. तीन वर्षांच्या बी.कॉम.वर प्रवेश मिळतो का, हे त्या त्या विद्यापीठाला विचारावं लागेल. विचार. ईमेलला पैसे पडत नाहीत.

आता एक प्रश्न मला. एवढं लांबलचक पत्र, तीन भाषा, दोन खंड, एक एजंट, एक स्थळ. पासपोर्ट काढलायस का? कुठे उल्लेख नाही म्हणून विचारते. नसेल तर सोमवारी अर्ज भर, साध्या ३६ पानीला १,५०० रुपये, १० वर्षं चालतो. आणि भरण्याआधी सगळे कागद चटईवर मांडून नावं जुळवून बघ. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर बाईंनी प्रेमानं 'बेन' लावलेलं असतं, आधारवर नसतं, बाबांच्या नावापुढे एका ठिकाणी 'भाई' आणि दुसऱ्या ठिकाणी 'राव'. माझ्या वेळी त्या एका 'बेन'पायी चार महिने गेले होते.